स्मृतीचे वार्षिक वेळापत्रक : सिनसिनाटीतील जर्मन-अमेरिकन इतिहास मंडळांच्या उपक्रमांचा अभ्यास

प्रस्तावना

एखादा समाज वर्षातील कोणत्या दिवशी एकत्र येतो, कोणाचे स्मरण करतो आणि कोणत्या घटनेविषयी मौन पाळतो, यावरून त्या समाजाचे आपल्या भूतकाळाशी असलेले नाते स्पष्ट होते. ग्रंथ आणि दप्तरे ही इतिहासाची मान्य साधने होत. तथापि स्थानिक इतिहास मंडळांचे वार्षिक कार्यक्रम हेही इतिहासाचे साधन म्हणून वाचता येतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जर्मन वंशाच्या नागरिकांनी स्थापन केलेल्या स्थानिक संस्था या दृष्टीने विशेष उद्बोधक आहेत.

जर्मन हा अमेरिकेतील सर्वांत मोठ्या स्थलांतरित समूहांपैकी एक होय. १८८२ या एकाच वर्षी सुमारे अडीच लाख जर्मन अमेरिकेत उतरले. १९९०च्या जनगणनेत सुमारे ५ कोटी ८० लाख नागरिकांनी आपला वंश जर्मन असल्याचे नोंदविले. २०००च्या जनगणनेत ही संख्या सुमारे ४ कोटी २८ लाख होती आणि तरीही ती अन्य कोणत्याही वंशगटापेक्षा अधिक होती. २०२०च्या जनगणनेत सुमारे साडेचार कोटी नागरिकांनी जर्मन वंश नोंदविला व तो इंग्लिश वंशाच्या खालोखाल दुसऱ्या स्थानी राहिला. एवढ्या मोठ्या समूहाची भाषा मात्र अमेरिकन सार्वजनिक जीवनातून जवळजवळ नाहीशी झाली आहे. भाषा गेली, वृत्तपत्रे गेली, शाळा गेल्या. परंतु वार्षिक मेळावे, स्मृतिदिन, व्याख्याने आणि वस्तुसंग्रहालये टिकली, किंबहुना नव्याने उभी राहिली. असे का घडले आणि त्यात काय राखले गेले, काय गमावले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

ओहायो राज्यातील सिनसिनाटी हे शहर या अभ्यासासाठी निवडले आहे. जर्मन-अमेरिकन इतिहासलेखनाची सुरुवात ज्या मोजक्या शहरांत झाली त्यांत त्याची गणना होते. १८९५ मध्ये स्थापन झालेली तेथील 'जर्मन-अमेरिकन सिटिझन्स लीग' ही संस्था आजही कार्यरत आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. सिनसिनाटीतील जर्मन-अमेरिकन इतिहास मंडळांच्या उदयाची पार्श्वभूमी समजून घेणे.
२. पहिल्या महायुद्धाच्या काळात या परंपरेत पडलेल्या खंडाचे स्वरूप स्पष्ट करणे.
३. आजच्या वार्षिक उपक्रमांचा आढावा घेऊन त्यांतील उत्सव आणि इतिहास यांच्या परस्परसंबंधाची चिकित्सा करणे.

शहर आणि वस्ती

ओहायो नदीच्या उत्तर तीरावरील सिनसिनाटी हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पश्चिमेकडील व्यापाराचे प्रमुख केंद्र होते. १८५० मध्ये शहराची लोकसंख्या १,१५,४३५ होती. १८९० पर्यंत ती २,९६,९०८ झाली. या वाढीत जर्मन स्थलांतरितांचा वाटा मोठा होता. शहराच्या मध्यभागातून वाहणाऱ्या मायामी-ईरी कालव्याच्या पलीकडे त्यांची दाट वस्ती होती. कालवा ओलांडून या वस्तीत जाणे म्हणजे ऱ्हाईन नदी ओलांडणे, अशा विनोदी कल्पनेतून त्या भागाला 'ओव्हर-द-ऱ्हाईन' हे नाव मिळाले व ते आजही रूढ आहे.

या वस्तीचे सामाजिक जीवन संस्थांनी विणलेले होते. १८३६ मध्ये 'फोक्सब्लाट' हे जर्मन वृत्तपत्र सुरू झाले. पालकांनी मागणी केल्यास सार्वजनिक शाळांत जर्मनमधून शिक्षण देण्याची तरतूद ओहायो राज्याने केली आणि १८४० पासून सिनसिनाटीत द्विभाषिक शिक्षण सुरू झाले. १८४८च्या क्रांतीतील नेते फ्रीडरिश हेकर यांच्या पुढाकाराने त्याच वर्षी येथे व्यायाम व उदारमतवादी विचार यांचा मेळ घालणारी 'टर्नर' संस्था स्थापन झाली. ती अमेरिकेतील आद्य टर्नर संस्थांपैकी एक होय. १८४९ मध्ये समूहगायनाचा महोत्सव भरला. या गायनपरंपरेतूनच पुढे १८७३ मध्ये 'मे फेस्टिव्हल' सुरू झाला व १८७८ मध्ये 'म्युझिक हॉल' ही भव्य वास्तू उभी राहिली. यादवी युद्धात ओहायोची नववी पायदळ पलटण जवळजवळ संपूर्णपणे जर्मनांची होती.

हे सहजीवन सर्वस्वी शांततेचे होते असे मात्र नाही. एप्रिल १८५५ मध्ये परदेशी स्थलांतरितांना विरोध करणाऱ्या 'नो-नथिंग' पक्षाच्या समर्थकांशी निवडणुकीच्या वेळी दंगल झाली आणि जर्मनांनी कालव्याच्या बाजूने अडथळे उभारून आपल्या वस्तीचे रक्षण केले. ऱ्हाईन हे कालव्याचे टोपणनाव विनोदी असले, तरी प्रसंगी तो कालवा खरोखरच सीमारेषा ठरत होता.

इतिहास मंडळाची सुरुवात

१८६८ मध्ये सिनसिनाटीत 'डॉइचर पायोनियर-फेराइन' ही संस्था स्थापन झाली. आरंभीच्या काळात शहरात आलेले आणि आता वार्धक्याकडे झुकलेले जर्मन तिचे सभासद होते. आपल्या पिढीबरोबर आपल्या आठवणीही जातील, ही जाणीव या संस्थेच्या मुळाशी होती. १८६९ पासून तिने 'डेर डॉइचे पायोनियर' हे मासिक चालविले. सभासदांच्या आठवणी, दिवंगतांची चरित्रे, जुन्या वसाहतींची वर्णने आणि मूळ कागदपत्रे त्यात छापली जात. १८८७ पर्यंत त्याचे अठरा खंड निघाले.

या मासिकाला संशोधनात्मक वळण देण्याचे श्रेय हाइन्रिश आर्मिन रॅटरमन यांच्याकडे जाते. १८३२ मध्ये ओस्नाब्रुकजवळील आन्कुम येथे जन्मलेले रॅटरमन किशोरवयात सिनसिनाटीत आले. त्यांनी १८५८ मध्ये जर्मनांसाठी परस्पर विमा संस्था उभारली आणि तिच्या कारभाराबरोबरच आयुष्यभर इतिहाससाधने जमविली. १८७४ पासून सुमारे अकरा वर्षे ते या मासिकाचे संपादक होते. विद्यापीठाची पदवी नसलेल्या या विमा व्यावसायिकाने देशभर पत्रव्यवहार करून, चर्चच्या नोंदवह्या तपासून आणि जुनी वृत्तपत्रे चाळून जे साहित्य छापले, त्याचा उपयोग पुढील व्यावसायिक इतिहासकारांना आजही होतो. त्यांचा ग्रंथसंग्रह १९१५ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने घेतला. सिनसिनाटीच्या इतिहासाचा एक मोठा ठेवा त्यामुळे शहराबाहेर गेला. परंतु तीनच वर्षांनी शहरात जे घडले ते पाहता तो सुस्थळी पडला असेच म्हणावे लागते.

रॅटरमन यांच्या लेखनामागील प्रेरणाही लक्षात घेतली पाहिजे. अमेरिकेचा इतिहास हा न्यू इंग्लंडमधील प्युरिटनांचा विस्तार आहे, असे त्या काळातील पाठ्यपुस्तके सांगत असत. त्यात जर्मनांचे स्थान नगण्य होते. त्याला उत्तर म्हणून जर्मन लेखकांनी आपल्या पूर्वजांचे कर्तृत्व नोंदविण्यास सुरुवात केली. १८८६ मध्ये मेरीलँडमधील जर्मनांच्या इतिहासासाठी बाल्टिमोर येथे संस्था निघाली; १८९१ मध्ये 'पेनसिल्व्हेनिया जर्मन सोसायटी' स्थापन झाली. त्याच दशकात अमेरिकन ज्यूंनीही १८९२ मध्ये आपली इतिहास संस्था उभारली. इतिहास मंडळ काढणे हा या देशातील नागरिकत्वावर हक्क सांगण्याचा एक मार्ग झाला होता. या हक्काच्या भूमिकेमुळे या लेखनात पूर्वजगौरवाचा दोष आला, हेही तितकेच खरे.

जर्मन दिन आणि संस्थांचा संघ

६ ऑक्टोबर १६८३ रोजी क्रेफेल्ड येथील तेरा कुटुंबे 'कॉनकॉर्ड' जहाजातून फिलाडेल्फियास पोहोचली. काही आठवडे आधी आलेले फ्रांत्स डॅनिएल पास्टोरियस यांच्यासह त्यांनी जर्मनटाउन ही वसाहत वसविली. या घटनेला १८८३ मध्ये दोनशे वर्षे पूर्ण झाली, तेव्हा फिलाडेल्फियात मोठा समारंभ झाला आणि 'जर्मन दिन' साजरा करण्याची प्रथा अन्य शहरांत पसरली. सिनसिनाटीत १८९५ मध्ये जर्मन दिन साजरा झाला आणि त्याच वर्षी गायन, व्यायाम, विमा, धर्मादाय अशा विविध क्षेत्रांतील जर्मन संस्थांचा संघ म्हणून 'सिटिझन्स लीग'ची स्थापना झाली.

या दिवसाचा अर्थ प्रथमपासून दुहेरी होता. एकीकडे मिरवणूक, गायन व भोजन. दुसरीकडे समूहाच्या संख्याबळाचे जाहीर दर्शन. संस्थांचे ध्वज घेऊन चालणारे हजारो नागरिक हे मतदारही होते. दारूबंदीचा प्रश्न आणि शाळांतील जर्मन भाषेचा प्रश्न या दोन्हींवर या संघाला राजकीय वजन हवे होते. १९०१ मध्ये राष्ट्रीय पातळीवर 'नॅशनल जर्मन-अमेरिकन अलायन्स' स्थापन झाली, तीमागेही हेच हेतू होते. एखाद्या उत्सवावर समूहाने आपले राजकीय सामर्थ्य तोलले की त्या उत्सवाचे भवितव्यही राजकारणाशी बांधले जाते. १९१७ मध्ये याचा प्रत्यय आला.

१९१७-१८ : परंपरेतील खंड

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. सिनसिनाटी सिंफनी ऑर्केस्ट्राचे संचालक एर्न्स्ट कुनवाल्ड यांना डिसेंबर १९१७ मध्ये अटक झाली व पुढे जॉर्जियातील फोर्ट ओगलथॉर्प येथे स्थानबद्ध करण्यात आले. सार्वजनिक ग्रंथालयातील जर्मन पुस्तके कपाटांतून काढली गेली. शाळांतील जर्मनचे अध्यापन संपुष्टात आले. एप्रिल १९१८ मध्ये नगरपरिषदेने जर्मन नावांचे रस्ते बदलले. ब्रेमेन स्ट्रीटचे रिपब्लिक स्ट्रीट, बिस्मार्क स्ट्रीटचे मॉन्ट्रियल स्ट्रीट, बर्लिन स्ट्रीटचे वुड्रो स्ट्रीट झाले आणि जर्मन स्ट्रीटचे तर चक्क इंग्लिश स्ट्रीट झाले. रॅटरमन यांच्याशी संबंधित विमा संस्थेच्या इमारतीवरील जर्मेनियाच्या पुतळ्याला 'कोलंबिया' म्हणण्यात येऊ लागले. शिल्प तेच राहिले, केवळ नाव बदलले. जुलै १९१८ मध्ये राष्ट्रीय अलायन्सची सनद काँग्रेसने रद्द केली. इलिनॉयमधील कोलिन्सव्हिल येथे तर ५ एप्रिल १९१८ रोजी रॉबर्ट प्रागर या जर्मन कामगाराचा जमावाने बळी घेतला.

युद्ध संपल्यावरही हे वातावरण लगेच निवळले नाही. १९१९ मध्ये ओहायोने आठव्या इयत्तेपर्यंत जर्मन शिकविण्यास बंदी करणारा कायदा केला. 'मायर विरुद्ध नेब्रास्का' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये अशा स्वरूपाचा कायदा घटनाबाह्य ठरविला व ओहायोचा कायदाही त्याच निर्णयासोबत रद्द झाला. तोपर्यंत शाळांतील जर्मन वर्गांची साखळी तुटली होती. 'फोक्सब्लाट' १९१९ मध्ये बंद पडले. १९२० पासून देशभर दारूबंदी अमलात आली आणि ओव्हर-द-ऱ्हाईनमधील मद्यनिर्मिती व बिअर-उद्याने यांचा आर्थिक पायाच उखडला. त्याच सुमारास कालवा कोरडा करून त्याच्या जागी भुयारी रेल्वेचे काम सुरू झाले. ती रेल्वे कधीच धावली नाही. वर बांधलेला 'सेंट्रल पार्कवे' हा रस्ता १९२८ मध्ये खुला झाला. ज्या 'ऱ्हाईन'वरून वस्तीला नाव मिळाले तो प्रवाहच उरला नाही.

येथे एका सरधोपट निष्कर्षापासून सावध राहणे आवश्यक आहे. जर्मन संस्कृतीचा ऱ्हास केवळ महायुद्धामुळे झाला, असे वारंवार सांगितले जाते. गिडो डॉबर्ट यांनी सिनसिनाटीच्या जर्मनांवरील आपल्या अभ्यासात हा समाज १८७० नंतरच आतून विस्कळीत होऊ लागला होता, असे दाखविले आहे. नवे स्थलांतर आटले, दुसरी-तिसरी पिढी उपनगरांत गेली, घरात इंग्रजी बोलली जाऊ लागली. रसेल काझल यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या फिलाडेल्फियाविषयीच्या ग्रंथातही या प्रक्रियेचे अनेक पदर उलगडले आहेत. तेव्हा युद्धाने ऱ्हासाला आरंभ केला नाही. चालू असलेल्या ऱ्हासाला अपमानाची धार दिली. या दोन गोष्टींतील फरक इतिहास मंडळांच्या पुढील वाटचालीसाठी महत्त्वाचा ठरतो, कारण ऱ्हास विसरला जातो, अपमान मात्र लक्षात राहतो किंवा मुद्दाम दडपला जातो.

आजचे वार्षिक उपक्रम

दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व युरोपातून विस्थापित झालेले डॅन्यूबकाठचे जर्मन सिनसिनाटीत आले व १९५४ मध्ये त्यांनी आपली 'डोनाउश्वाबेन' संस्था काढली. १९६४ मध्ये 'जर्मेनिया सोसायटी' स्थापन झाली. १९७०च्या दशकात सर्वच वंशगटांमध्ये मूळ शोधण्याची ओढ निर्माण झाली. त्याच दशकात सिनसिनाटी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जर्मन-अमेरिकन संग्रह उभा राहिला. शहरातील शाळांच्या जर्मन विभागाचे माजी पर्यवेक्षक एच. एच. फिक यांची पुस्तके त्याच्या मुळाशी होती. या संग्रहाचे अनेक वर्षे प्रमुख असलेले डॉन हाइन्रिश टोल्झमन यांनी विपुल ग्रंथलेखन केले आणि लीगचे नेतृत्वही केले. २००० मध्ये लीगने ग्रीन टाउनशिपमधील वेस्ट फोर्क पार्कमध्ये एकोणिसाव्या शतकातील ओंडक्यांचे घर वारसा वस्तुसंग्रहालयात रूपांतरित केले. जुन्या पायोनियर-फेराइनचा हेतू अशा रीतीने इंग्रजी भाषेत पुन्हा सुरू झाला.

शहरातील या संस्थांचे वर्ष ऋतुमानानुसार चालते. हिवाळ्याचे महिने सभा, नियोजन व व्याख्यानांचे असतात. मार्चच्या सुमारास ओव्हर-द-ऱ्हाईनमध्ये 'बॉकफेस्ट'ची मिरवणूक निघते. वसंतात पिण्याच्या कडक बिअरशी निगडित असलेला हा उत्सव १९९०च्या दशकापासून वस्तीच्या मद्यनिर्मितीच्या इतिहासाची आठवण करून देतो. मे महिन्यात नदीपलीकडील कोव्हिंग्टनमध्ये 'माइफेस्ट' भरतो. जूनच्या आरंभी लीगचा जर्मन दिन असतो. १८९५च्या परंपरेशी थेट नाते सांगणारा हा कार्यक्रम असून सभासद संस्थांच्या प्रतिनिधींचे संचलन व गायन-नृत्य हे त्याचे मुख्य भाग होत. वस्तुसंग्रहालय उन्हाळ्यात रविवारी दुपारी खुले असते व स्वयंसेवक अभ्यागतांना माहिती देतात.

सप्टेंबरात शहरातील 'ऑक्टोबरफेस्ट झिनझिनाटी' हा १९७६ पासून चालणारा महोत्सव प्रचंड गर्दी खेचतो. त्याचे आयोजन इतिहास मंडळांकडे नसले, तरी सामान्य नागरिकाच्या मनातील जर्मन वारशाची प्रतिमा त्यातूनच घडते. ऑक्टोबर महिना वारसा मास म्हणून पाळला जातो आणि त्याचा केंद्रबिंदू ६ ऑक्टोबरचा जर्मन-अमेरिकन दिन असतो. १९८३ मध्ये त्रिशताब्दीच्या निमित्ताने राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी या दिवसाची घोषणा केली होती आणि १९८७ मध्ये काँग्रेसच्या ठरावानुसार तिला पुन्हा अधिकृत रूप मिळाले. डिसेंबरात संत निकोलसचा दिवस मुलांसाठी साजरा होतो, नाताळचा बाजार भरतो आणि वर्ष संपते.

या यादीकडे बारकाईने पाहिल्यास तिचे तीन स्तर दिसतात. माइफेस्ट व संत निकोलसचा दिवस हे युरोपातील लोकपरंपरेतून आले आहेत. जर्मन दिन हा अमेरिकेत, अमेरिकन गरजेतून जन्मलेला आहे. जर्मनीत तसा दिवस नव्हता. ऑक्टोबरफेस्ट व बॉकफेस्ट ही तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील, नागरी पुनरुज्जीवन व पर्यटन यांच्या संदर्भातील निर्मिती आहे. कॅथलीन कॉन्झेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये वांशिक अस्मिता ही वारशाने मिळणारी वस्तू नसून परिस्थितीनुरूप घडविली जाणारी रचना आहे, असे मांडले. सिनसिनाटीचे वार्षिक वेळापत्रक त्या मांडणीचे बोलके उदाहरण होय.

उत्सवामागील काम

मिरवणूक सर्वांना दिसते. नोंदवहीवर वाकून बसलेला स्वयंसेवक कोणाला दिसत नाही. अशा मंडळांचे टिकाऊ कार्य मात्र याच दुसऱ्या प्रकारचे असते. वंशावळ शोधणाऱ्यांना मदत करणे, चर्चच्या जन्म-विवाह-मृत्यू नोंदींची सूची करणे, दफनभूमीतील शिलालेख उतरवून घेणे, घरोघरच्या माळ्यांवरील पत्रे व छायाचित्रे मिळविणे आणि वार्तापत्र काढणे ही कामे वर्षभर चालतात.

यातील सर्वांत कठीण काम लिपीचे आहे. एकोणिसाव्या शतकातील जर्मन छपाई प्रामुख्याने 'फ्राक्टूर' या टोकदार वळणाच्या अक्षरांत, तर हस्तलेखन 'कुरेंट' या जोडलेल्या लिपीत होत असे. १९४१ मध्ये जर्मन सरकारनेच या दोन्हींचा अधिकृत वापर थांबविला. परिणामी आज जर्मन भाषा उत्तम जाणणाऱ्या तरुणालाही आपल्या पणजोबांचे पत्र वाचता येत नाही. मोडी लिपीतील दप्तरांसमोर उभ्या असलेल्या मराठी अभ्यासकाला ही अडचण वेगळी सांगावी लागणार नाही. सिनसिनाटीत तर तिची तीव्रता दुप्पट आहे, कारण पत्राच्या वारसाला लिपी येत नाही आणि भाषाही येत नाही. लिपी वाचणारा वृद्ध सभासद गेला की कागदांचा एक मोठा भाग मुका होतो. म्हणून जुन्या लिपीच्या वाचनाचा वर्ग हा मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेतील सर्वांत लहान, पण सर्वांत निकडीचा उपक्रम ठरतो.

उत्सव आणि हे काम एकमेकांवर अवलंबून आहेत. मेळाव्यांतून सभासद, वर्गणी आणि देणग्या येतात. वस्तुसंग्रहालयाचे छत त्यावर टिकते. केवळ व्याख्याने ठेवणाऱ्या मंडळाकडे लोक फिरकत नाहीत आणि केवळ मेळावे भरविणारे मंडळ काही वर्षांत करमणुकीची संस्था होऊन बसते.

प्रतिमेचे संकुचितीकरण आणि मौनाच्या जागा

उत्सवाच्या या आश्रयाची किंमतही असते. सिनसिनाटीत आलेल्या जर्मनांपैकी मोठा वर्ग ओल्डेनबुर्ग, ओस्नाब्रुक, हॅनोव्हर अशा वायव्य प्रदेशांतील होता. रॅटरमन हे स्वतः त्यांपैकीच. तथापि आज उत्सवात दिसणारी चामडी तुमान, पिसाची टोपी, पितळी वाद्यांचा ताफा ही सर्व सामग्री दक्षिणेकडील बव्हेरियाची आहे. १९८९ मध्ये सिनसिनाटी व म्युनिक ही भगिनी-शहरे झाली, तेव्हा या प्रतिमेला अधिकच बळ मिळाले. कॅथलिक, प्रॉटेस्टंट, ज्यू, मुक्तविचारवादी, समाजवादी अशा परस्परांशी भांडणाऱ्या अनेक जर्मन समूहांचे शहर अशा रीतीने एकाच वेषात उभे केले जाते. टर्नर संस्थांतील क्रांतिकारक आणि चर्चमधील धर्मगुरू यांच्यातील कडवा वैचारिक संघर्ष मिरवणुकीत दाखविता येत नाही. तो केवळ दप्तरांतून कळतो.

दुसरा प्रश्न कटू घटनांच्या स्मरणाचा आहे. १९१८च्या नामांतराविषयी शहराने १९९०च्या दशकात एक सूज्ञ तोडगा काढला. जुनी नावे परत आणली नाहीत. त्याऐवजी काही रस्त्यांवर मूळ नाव सांगणाऱ्या पाट्या लावण्यात आल्या. रिपब्लिक स्ट्रीटवरून जाणाऱ्याला तो एके काळी ब्रेमेन स्ट्रीट होता, हे त्यामुळे कळते. अपमान पुसून टाकण्यापेक्षा तो वाचण्याजोगा ठेवणे हे इतिहासदृष्टीने अधिक प्रामाणिक होय.

तथापि अन्यायाचे स्मरण स्वतःपुरते मर्यादित राहू नये, ही अपेक्षाही रास्त आहे. ६ ऑक्टोबरला ज्या जर्मनटाउनचा गौरव होतो, तेथील पास्टोरियस आणि तीन रहिवाशांनी १६८८ मध्ये गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदविला होता. त्याचा अभिमान बाळगताना, क्रेफेल्डहून आलेल्या कुटुंबांपैकी अनेक डच भाषिक होती, ही अडचणीची वस्तुस्थितीही सांगावी लागते. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या 'जर्मन-अमेरिकन बुंड' या नाझीधार्जिण्या संघटनेने फेब्रुवारी १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सभा भरविली होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत सुमारे अकरा हजार जर्मन वंशीयांना स्थानबद्ध केले गेले. या दोन्ही घटना जर्मन-अमेरिकन इतिहासाच्याच आहेत. त्यांना उत्सवाची तारीख मिळणे शक्य नाही. त्यांच्यासाठी व्याख्यानमाला व वार्तापत्र हीच जागा उरते.

तिसरा प्रश्न वस्तीचा आहे. १९८३ मध्ये ओव्हर-द-ऱ्हाईनची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली. परंतु जर्मन वंशीय तेथून कधीच निघून गेले होते. त्यांच्या मागून अॅपलेशियन डोंगराळ भागातील गरीब गोरे आणि नंतर आफ्रिकन-अमेरिकन नागरिक तेथे राहिले. एप्रिल २००१ मध्ये पोलिसांच्या गोळीने एका कृष्णवर्णीय तरुणाचा मृत्यू झाल्यावर याच भागात मोठी अशांतता उसळली. त्यानंतरच्या पुनर्विकासात जुन्या विटांच्या इमारती वाचल्या, भाडी मात्र वाढली. जर्मन वारशाचे जतन हे तेथील नंतरच्या रहिवाशांच्या विस्थापनाचे निमित्त ठरू नये, ही जबाबदारी इतिहास मंडळांनाही टाळता येणार नाही. १८५५ मध्ये ज्यांनी आपल्या वस्तीसाठी अडथळे उभारले, त्यांच्या वारसांना वस्ती गमावण्याचा अर्थ कळावा, एवढे बळ त्यांच्या स्वतःच्या इतिहासात आहे.

निष्कर्ष

१. सिनसिनाटीतील जर्मन-अमेरिकन इतिहास मंडळांचा उदय केवळ स्मरणरंजनातून झाला नाही. अमेरिकन इतिहासात आपल्याला स्थान मिळावे, या नागरी मागणीचा तो भाग होता.

२. १९१७-१८च्या घटनांनी आधीच क्षीण होत असलेल्या भाषिक जीवनाला निर्णायक धक्का दिला. ज्या उपक्रमांना भाषेची गरज होती, म्हणजे वृत्तपत्र, शाळा व मासिक, ते कोसळले. ज्यांना भाषेवाचून चालते, म्हणजे संगीत, नृत्य, भोजन व मिरवणूक, ते पुढे पुनरुज्जीवित होऊ शकले.

३. आजचे वार्षिक वेळापत्रक हे प्राचीन परंपरेचे अखंड रूप नसून लोकपरंपरा, एकोणिसाव्या शतकातील नागरी स्मृतिदिन आणि आधुनिक महोत्सव यांचे मिश्रण आहे. ते कृत्रिम आहे म्हणून निरर्थक ठरत नाही. मात्र त्याकडे पुरावा म्हणून पाहताना त्याचा प्रत्येक स्तर वेगळा करावा लागतो.

४. उत्सव लोक जमवितो आणि अभिलेख सत्य जपतो. उत्सवाने जमविलेले लोक अभिलेखापर्यंत पोहोचतात की नाही, हाच अशा मंडळाच्या यशाचा खरा निकष होय. कुरेंट लिपी वाचणाऱ्यांची नवी पिढी तयार झाली नाही, तर मिरवणुका दिमाखात चालू राहतील, परंतु त्या कोणाच्या स्मरणार्थ निघतात याचे उत्तर देणारे कागद कोणालाही वाचता येणार नाहीत.

भाषा हरवल्यानंतर इतिहास जपता येतो का, या प्रश्नाला सिनसिनाटीचे उत्तर मर्यादित होकाराचे आहे. तो जपता येतो, परंतु दुसऱ्या भाषेतून, अनुवादाच्या आधाराने आणि अधिक परिश्रमाने. भाषा जिवंत असतानाच दप्तरे वाचून घेणे हे त्याहून स्वस्त व सुकर असते, हा बोध या शहराच्या दीडशे वर्षांच्या अनुभवातून मिळतो.